सळईबाबाच्या ग्लासातला गंज

कलमवाल्याची बायको वारल्याचा निरोप इस्पितळातून वसाहतीत आला, तेव्हा अंगणात सळईबाबाचा चमत्कार ऐन रंगात होता. लोक कुजबुजले, दोघी-तिघींनी डोळे पुसले. चमत्कार बघायची रांग मात्र कुणी सोडली नाही. सोडली तर नंबर जातो.

बाबा पायघोळ झग्यावर डॉक्टरांचा कोट घालायचा. भोळ्यांनी झग्याला भुलावं आणि शहाण्यांनी कोटाला, अशी दुहेरी सोय. पुढ्यात एक डबा, डब्याला दोन लोखंडी सळया. विहिरीच्या पाण्याच्या ग्लासात सळया सोडून तो बटण दाबायचा आणि गरजायचा, "बघा, तुमच्या विहिरीतला राक्षस कसा बाहेर येतो!"

पाणी पिवळं व्हायचं, मग विटकरी, वर घाणेरडा फेस. बाया "अगं बाई!" म्हणून मागे सरायच्या. मग तो आपल्या सुरईतलं 'उतारा केलेलं' पाणी दुसऱ्या ग्लासात ओतायचा. त्याच सळया धुऊन त्यात सोडायचा, तेच बटण दाबायचा. पाणी जसंच्या तसं. ह्या पाण्याची भांडंभर धार दर आठवड्याला विहिरीत धरली की विहीर शुद्ध! एवढ्या मोठ्या विहिरीला भांडंभर कसं पुरतं, हे विचारायला कुणाची जीभ रेटली नाही.

वसाहत रोपवाटिकेतल्या कामगारांची; कलमवाला तिथे रोपांची कलमं बांधायचा. वाफ्यांत तणनाशक फवारायचं आणि पंप विहिरीच्या कठड्यावर धुवायचे, पाणी हाताशी असतं म्हणून. तेच पाणी प्यायचं. कलमवाल्याच्या बायकोची मूत्रपिंडं बिघडली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "ह्या विहिरीचं पाणी बंद." तिने बंद केलंही. लांबच्या नळावरून कळशी आणायची. मग बाबा उगवला, विहीर शुद्ध झाल्याची द्वाही फिरली आणि ती पुन्हा विहिरीचं पाणी पिऊ लागली.

आता लेक आली होती, सहा महिन्यांची पोटुशी. तीही तेच पाणी पीत होती.

"अगं, नको पिऊ ते," कलमवाला म्हणाला.

"अण्णा, आईचं आयुष्यच तेवढं होतं. पाण्याला कशाला बोल लावता? डोळ्यांनी बघितलंय मी, बाबाचं पाणी नितळच राहतं. तेच विहिरीत ओतलंय."

डोळ्यांनी बघितलेल्यापुढे बापाचं काय चालणार?

त्याची मेहुणी दिवसकार्यासाठी राहिली होती. एका प्रयोगशाळेत ती पाण्यातलं तणनाशक ओळखणारी यंत्रं बनवायची. तिने पिशवीतून पानाच्या डबीएवढं यंत्र काढलं. त्यात कागदासारखी पातळ पट्टी बसवायची, पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायचा.

"यंत्र विजेचा दाब हळूहळू बदलत नेतं, भाऊजी. हे तणनाशक असलं की एका ठराविक दाबाला प्रवाह उसळतो आणि पडद्यावर टेकाड दिसतं. विष जास्त, तर टेकाड उंच."

"बाबाचा डबा खोटा आणि तुझी डबी खरी, हे मी कशावरून मानू?"

"मानूच नका. मी पाठ फिरवून उभी राहते. तुम्ही हवे तसे ग्लास भरा आणि मला फसवून दाखवा."

त्याने कधी विहिरीचं पाणी ठेवलं, कधी नळाचं. एकदा मुद्दाम दोन्हीकडे नळाचंच. ती फसली नाही. विहिरीच्या थेंबाला दर वेळी टेकाड उठलं, नळाच्या थेंबाला रेघ सपाट.

दुसऱ्या दिवशी दोघं अंगणात गेले. लेक पुढेच बसली होती.

"बाबा, जरा हे नळाचं पाणी तपासता?" मेहुणीने विचारलं. सळया बुडल्या, पाणी विटकरी झालं.

"राक्षस नळातही शिरला!" बाबा ओरडला.

"असं? मग तुमचं शुद्ध पाणी घ्या." सुरईतलं पाणी ग्लासात ओतून तिने त्यात चिमूटभर मीठ टाकलं, सळया सोडल्या आणि बटण दाबलं. बघता बघता विटकरी फेस.

"आता मिठातही राक्षस का?" मागून एक म्हातारी म्हणाली आणि गर्दी फिस्सकन हसली.

"राक्षस कसला, आजी, सळयांचा गंज आहे हा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. चांगल्या पाण्यातही क्षार असतात. ह्यांच्या सुरईत गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी आहे. क्षारच नाहीत, तर वीज वाहणार कशी?"

मग तिने टाचणीचं टोक रोपवाटिकेतून आणलेल्या तणनाशकात बुडवून सुरईच्या ताज्या पाण्यात फिरवलं. सळया सोडल्या. पाणी नितळ. तिच्या यंत्रावर मात्र टेकाड उभं राहिलं.

"तुमचा डबा म्हणतो शुद्ध. घ्या बाबा, प्या."

बाबाने ग्लासाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. "आज माझा निर्जळी उपवास आहे."

"मघाशी चहा ढोसलात की!" तीच म्हातारी. बाबाने डबा काखोटीला मारला आणि मागे वळून न पाहता चालू लागला.

लेक रडत होती. "मावशी, म्हणजे आई ह्या पाण्याने..."

"ताई कशाने गेली, ते मी छातीठोक सांगणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण डॉक्टरांनी सोडायला लावलेलं पाणी ह्या माणसाने तिला पुन्हा पाजलं, एवढं नक्की."

लेकीने घरातला माठ मोरीत पालथा केला आणि कळशी घेऊन ती नळाकडे निघाली. कलमवाल्याने तिच्या हातातून कळशी काढून घेतली आणि स्वतः गेला.

डोळ्यांनी बघितलं म्हणजे कळलं, असं नसतं. वाईट पाण्याचा रंग बदलून दाखवणाऱ्याला सांगा, हेच चांगल्या पाण्यात करून दाखव. तेवढं विचारायला शिक्षण लागत नाही. विचारलं नाही तर काय होतं, ते कलमवाल्याच्या घरात जाऊन बघा.

सळईबाबा आता पलीकडच्या वसाहतीत बसतो. तिथल्या विहिरीचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही.