डबा उलटण्याआधी भोंगा

माझ्या रागाबद्दल आमच्या आयटीआयमध्ये बरंच बोललं जातं आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. मी फिटर ट्रेड शिकवते. कोणी कानस चुकीची धरली की माझा आवाज पलीकडच्या वेल्डिंगच्या शेडपर्यंत जातो. घरी मात्र मी शांत असते, कारण घरी मी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची यंत्रं बांधते. लहान मुलांचे एकमेकांत बसणारे ठोकळे, तेच. त्यांची क्रेन होते, गिरणी होते, पट्टा होतो आणि तो खरोखर चालतो. दीपमाला मॅडम या वयात खेळतात, असंही आयटीआयमध्ये बोललं जातं. बोलोत बिचारे.

माझे बाबा, रुपराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात टिपलरवर होते. कोळशाने भरलेला रेल्वेचा डबा टिपलरमध्ये येतो, टिपलर त्याला वरून घट्ट धरतो आणि रुळासकट अख्खा डबा कुशीवर वळवतो. कोळसा खाली, रिकामा डबा परत जागेवर. लहानपणी मी कॉलनीतल्या पोरींना सांगायचे की माझे बाबा रेल्वे उलटी करतात. कोणी हसलं तर मारामारी व्हायची.

तो टिपलर मी ठोकळ्यांत बांधला. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या घरात बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे. रूळ बरोबर नाही, पकड ढिली आहे, डबा परत येताना आपटतो. मी उलटवण्यासाठी मोटर लावली, तर त्यांनी ती काढायला लावली.

"लिव्हर पाहिजे," ते म्हणाले. "माणसानं आधी पाह्यलं पाहिजे, मंग उलटवलं पाहिजे."

त्यांच्या कामाची ती पद्धतच होती. आधी लाइन क्लिअर आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, मग भोंगा द्यायचा, मग लिव्हर ओढायची. पुढे काही उभं असेल तर डबा उलटायचा नाही, मग साहेब डोक्यावर येऊन ओरडला तरी. मी लिव्हर बसवली. भोंगा काही मला प्लॅस्टिकमध्ये जमला नाही, म्हणून तो बाबा तोंडाने द्यायचे आणि शेजारची मांजर पळून जायची.

नागपुरात आमच्यासारख्या शौकिनांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन असतं आणि त्यात साखळी असते. प्रत्येकाने आपापल्या घरी एक यंत्र बांधून आणायचं. डावीकडच्या यंत्रातून बोराएवढे चेंडू आपल्या टोपलीत पडतात, आपल्या यंत्राने ते उचलायचे, फिरवायचे, नाचवायचे, आणि उजवीकडच्याच्या टोपलीत टाकायचे. अशी सगळी यंत्रं गोल लावली की चेंडू फिरत राहतात. नियम फक्त टोपलीचा. टोपली ठरल्या मापाची आणि ठरल्या उंचीवर असली की कोणाचंही यंत्र कोणाच्याही शेजारी उभं राहू शकतं. मला हे फार आवडलं होतं. तुम्ही कोण, कुठले, असं कोणी विचारत नाही, फक्त टोपली बघतात. निदान मला तसं वाटलं होतं.

बाबांना आजवर माझा टिपलर घरच्या टेबलावरच दिसला होता. साखळीत चालताना बघायचा म्हणून त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला आणि मुलाखतीला निघाल्यासारखे माझ्या आधी तयार होऊन बसले.

प्रदर्शन धरमपेठेतल्या एका सभागृहात होतं. टेबलांच्या वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बॅनर लावला होता, "इथे फक्त शुद्ध ठोकळे". मंडळाच्या ग्रुपवर टोपलीची उंची आली होती, मोटरीचे व्होल्ट आले होते, पण शुद्धतेबद्दल कोणी अक्षर लिहिलं नव्हतं. मला वाटलं, जाहिरात असेल. मी टिपलर माझ्या जागी ठेवला. डावीकडे गोपिका होती, आर्किटेक्चर शिकणारी मुलगी, तिने चेंडू पायऱ्या चढतात असं सुंदर यंत्र आणलं होतं. उजवीकडे जितेंद्र. तो मंडळाचा अध्यक्ष, धंद्याने दातांचा डॉक्टर, आणि त्याचं यंत्र म्हणजे एक उंच चक्राकार लिफ्ट. टिपलरने टाकलेले चेंडू त्याच्या टोपलीत पडणार होते.

तो आला, वाकला, आणि कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढून त्याने माझा टिपलर तपासायला घेतला. दात तपासावेत तसाच. मूळ कंपनीच्या प्रत्येक ठोकळ्यावर, वरच्या गोल बटणावर, कंपनीचं नाव बारीक अक्षरात उठवलेलं असतं. माझ्या ठोकळ्यांवर काही नसतं. मी ते इतवारीतल्या प्लॅस्टिकच्या घाऊक दुकानातून किलोने आणते आणि मेथी निवडावी तसे निवडते. ढिले बाजूला, घट्ट बसणारे कामाला.

"मॅडम, हे तर लोकल आहे," जितेंद्र म्हणाला.

"हो. इतवारीचे."

"मग साखळीत नाही चालणार. वर लिहिलंच आहे ना. शुद्धच पाहिजे. मिक्स नाही चालत आपल्याकडे."

"काहून नाही चालत? टोपली मापात आहे. चालवून बघा."

"चालायचा प्रश्न नाही, मॅडम. लोकल प्लॅस्टिकचा चुरा पडते. माझ्या टोपलीत येईन, गिअर खराब होतीन. समजून घ्या."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं, कारण बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला होता.

"जाऊ दे वं," ते हळूच म्हणाले. "बाजूले ठेवू. चाललं म्हंजे झालं."

बाबा आयुष्यभर असेच. भांडण माझं, समजूत त्यांची. जितेंद्रला वाटलं की प्रकरण मिटलं. तो खुश झाला आणि त्याने कोपऱ्यात, पाण्याच्या कॅनजवळ, एका छोट्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"तिथं ठेवा, काका. मस्त एकट्यानं चालवा. तुमच्यासाठी वेगळे चेंडू देतो मी. ते फक्त तुम्हीच वापरा, इकडच्यात मिक्स नका करू."

बाबांचा हात माझ्या दंडावरून निघाला.

आमच्या घरात शुद्ध हा शब्द सहज निघत नाही. तुपाबद्दल निघतो, बाकी नाही. कोणाला रांगेत उभं करायचं आणि कोणाला कोपरा दाखवायचा हे ठरवायला तो शब्द निघाला, की माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा का घेतली ते मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. जितेंद्रला आम्ही कोण ते माहीत होतं का, मला ठाऊक नाही. बहुधा नसावं. बहुधा तो फक्त ठोकळ्यांबद्दलच बोलत होता. पण शब्द तोच होता, कोपरा तोच होता, आणि वर पाण्याच्या कॅनजवळ आमच्यासाठी वेगळे चेंडू. माणूस नकळत बोलला म्हणून माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो.

मी बोलणार तेवढ्यात बाबांनी एक स्टूल ओढलं, टिपलरसमोर, साखळीतच ठेवलं आणि त्यावर बसले.

"वेगळं काही नको आमाले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अठीसाच बसतो."

"काका, असं नका करू. पाहुणे येऊन राहिले."

"येऊ दे ना. मी बसून हाय."

आता माझी पाळी होती. मी टेबलाखालची, मंडळाच्या चेंडूंची मोठी पिशवी ओढून वर ठेवली. इतवारीतल्या त्या दुकानाचा निळा शिक्का मी झोपेतही ओळखते, दर महिन्याला तीच पिशवी माझ्या घरी येते.

"डॉक्टर, हे चेंडू कुठले?" मी इतक्या जोरात विचारलं की पलीकडच्या टेबलावरचे लोकही वळले. "मूळ कंपनीचे आहेत? लावा भिंग."

जितेंद्रने भिंग लावलं नाही. त्याचे कान लाल झाले.

"चेंडूंची गोष्ट वेगळी आहे. ते हरवतात. एवढे महाग कोण आणते?"

"म्हणजे इतवारीचा चेंडू तुमच्या शुद्ध यंत्राच्या पोटातून दिवसभर फिरतो, ते चालतं. इतवारीचं यंत्र शेजारी उभं राहिलं की चुरा पडतो."

गोपिका तोंडावर हात ठेवून हसली. आणखी दोघंतिघं हसले. दारात मुलं आणि त्यांचे आईबाप जमायला लागले होते, आणि टेबलं सरकवायला आता वेळ नव्हता, त्यामुळे आमच्याशिवाय साखळी पुरी होत नव्हती. मध्ये टिपलरएवढी जागा रिकामी ठेवून चेंडू उडी मारणार नव्हते. जितेंद्रने घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं आणि मोठ्या मनाचा आव आणला.

"ठीक आहे. काका सीनियर सिटीझन आहेत. आजच्या दिवस चालवून घेऊ. पण पुढच्या वेळी नाही, हां. हा अपवाद आहे."

एखादीने आभार मानले असते. मला मात्र ते कोपऱ्याहून वाईट वाटलं, कारण कोपरा निदान सरळ अपमान होता. हा अपवाद पदरात घेतला असता तर मी घरी हसत गेले असते आणि बॅनर पुढच्या वर्षीही तिथेच राहिला असता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालू होऊ दे. मला त्यांचाही राग आला. शेवटी बाबांनी पडतं घेतलंच, असं वाटलं, आणि मी ओठ आवळून बाजूला उभी राहिले.

जितेंद्रने शिट्टी वाजवली. साखळी सुरू झाली. मुलांनी टेबलांना गराडा घातला. चेंडू एकेका यंत्रातून खळखळत आले, गोपिकाच्या पायऱ्या चढले आणि आमच्या टोपलीत पडायला लागले. टोपलीतून पट्ट्यावर, पट्ट्यावरून डब्यात. डबा भरला. पुढे सरकला. पकड वरून खाली आली आणि तिने डब्याला धरलं, खापरखेड्याला धरायची तसंच. आता फक्त लिव्हर ओढायची होती. बाबांनी लिव्हरवर हात ठेवला, वर पाहिलं, आणि तसेच बसून राहिले.

चेंडू येतच होते. टोपली भरली. गोपिकाच्या वरच्या पायरीवर चेंडू अडकायला लागले.

"काका, ओढा ना," जितेंद्र म्हणाला. त्याची लिफ्ट रिकामी फिरत होती.

"नाही ओढता येत."

"काहून? बिघडलं का?"

"मशीन चांगली हाय. लाइन क्लिअर नाही."

जितेंद्रने वाकून रूळ पाहिले, टोपली पाहिली. "काहीच तर नाही, काका. सगळं मोकळं आहे."

बाबांनी लिव्हरवरचा हात न काढता दुसऱ्या हाताने वर दाखवलं. बॅनरकडे.

"ते उभं हाय ना पुढं. पुढं काही उभं असलं त मी डबा उलटवत नाही. नोकरीत कधी उलटवला नाही, आता काहून उलटवू?"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी पडतं घेतलं नव्हतं. कोपऱ्यात बसून नाही, भांडून नाही, तर रांगेत बसून, भरलेला डबा हातात धरून त्यांनी अख्खी साखळी थांबवली होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी ओरडले. तेवढंच मला येतं.

"ऐकलं ना, डॉक्टर? अपवाद नको आम्हाला. तो बॅनर उतरवा. आजच्यापुरता नाही, कायमचा. मग डबा उलटेल."

"मॅडम, मंडळाचा नियम आहे. मी एकटा कसा..."

"मंडळाला विचारा. इथेच उभं आहे सगळं."

मग गोपिकाने हात पुढे केला आणि आपल्या यंत्राची मोटर बंद केली. पायऱ्या थांबल्या. तिच्या डावीकडच्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, थोडे घुटमळले, आणि त्यांनीही बंद केलं, आपलं यंत्र तुंबू नये म्हणून की आणखी कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. एकेक आवाज कमी होत गेला. शेवटी सभागृहात फक्त जितेंद्रची लिफ्ट घरघरत राहिली, रिकामी. पुढे उभी असलेली एक चिमुरडी कंटाळून म्हणाली, "अंकल, काढा ना तो बॅनर. मले डबा पलटताना पाहाचा आहे."

जितेंद्रने इकडेतिकडे पाहिलं. कोणी त्याच्या बाजूने पुढे येत नव्हतं. त्याने खुर्ची ओढली, बूट काढले, वर चढला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट होती. दात उपटणाऱ्या माणसाला ती सुटता सुटत नव्हती आणि मी मुळीच मदत केली नाही. अखेर बॅनर एका बाजूने खाली आला, मग दुसऱ्या. त्याने तो गुंडाळला. मी हात पुढे केला, तसा मुकाट्याने माझ्या हातात दिला.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. बाबांनी मोकळ्या भिंतीकडे पाहिलं, रुळांकडे पाहिलं, पुढे झुकलेल्या मुलांना हाताने मागे सारलं. छाती भरून श्वास घेतला आणि भोंगा दिला. तो इतका मोठा होता की दारातले लोक आत धावत आले. मग त्यांनी लिव्हर ओढली.

डबा कुशीवर वळला आणि भरलेले सगळे चेंडू जितेंद्रच्या टोपलीत पडले. रिकामा डबा परत जागेवर आला, न आपटता. जितेंद्र खुर्चीशेजारी पायमोजांवर उभा होता.

"घे गा डॉक्टर," बाबा म्हणाले. "आता तुह्याकडं आले. पुढं दे."