एक तरी परका वाचक

अहल्याच्या वेबपेजला रोज भरपूर वाचक येत, फक्त ते सगळे अहल्याच असत. कोरमंगलाच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ती ते उघडायची, जे. पी. नगरला घरी आल्यावर पुन्हा उघडायची, आणि पानाखालचा आकडा हलला की तिला गुदगुल्या व्हायच्या. पानावर होते बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतले पदार्थ, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, कारण १९९९ साली तिला दुसरी सोय माहीत नव्हती.

तिच्या वडिलांचा, रघुपती अण्णांचा, राग पदार्थांवर नव्हता, फोनवर होता. मुलगी इंटरनेटला बसली की घरचा फोन अडकायचा, आणि अमेरिकेतून फोन करणाऱ्या मुलाला, वादिराजला, सारखा एंगेज टोन. शेवटी अण्णांनी फर्मान काढलं. अक्षय्यतृतीयेपर्यंत एक तरी परका माणूस हे वाचतो असं दाखव, नाहीतर कनेक्शन बंद. आपली माणसं धरायची नाहीत.

अहल्या इरेला पेटली. सापडतील तेवढ्या सर्च इंजिनांना तिने पानाचा पत्ता कळवला. पांढऱ्या पानाच्या तळाशी पांढऱ्याच अक्षरांत, माणसाला दिसू नयेत पण यंत्राला सापडावेत म्हणून, आमटीपासून क्रिकेटपर्यंत सुचतील ते शब्द कोंबले. इंटरनेटवरच्या मराठी गटांत तर तिने इतका धुमाकूळ घातला की एका गृहस्थाने पान न उघडताच हात जोडले. परकं कुणी फिरकलं नाही.

तिच्या आईला, अनुसूयाबाईंना, हे बघून हसू आवरेना.

"आमंत्रण असं देतात होय ग? घर कुठं ते नाही, कधी यायचं ते नाही, खायला काय ते नाही. स्वल्प विचार कर, कोण येईल?"

अहल्याला हे इतकं पटलं की तिने पानाच्या माथ्यावरच लिहून टाकलं: शुक्रवारी संध्याकाळी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंबेडाळ आणि पन्हं, सर्वांनी यावं. खाली घराचा पत्ता, बसस्टॉपच्या खुणेसकट. आपण अख्ख्या जगाला घरी बोलावलंय, हे त्या वेडीच्या ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी घर बायकांनी फुलून गेलं. कॉम्प्युटरपाशी ही झुंबड उडाली. आपल्या नावाचाही आकडा वाढला पाहिजे असा प्रत्येकीचा हट्ट, म्हणून अहल्या प्रत्येकीसाठी पान नव्याने उघडत होती. अण्णा दारातून मिस्कीलपणे बघत होते. सगळ्या आपल्याच की, असं त्यांनी दोनदा ऐकवलं, आणि अहल्याचा जीव थोडा थोडा झाला. अक्षय्यतृतीयेला आता जेमतेम दोन दिवस उरले होते.

कोपऱ्यात सलवार-कमीज घातलेली एक मुलगी मन लावून आंबेडाळ खात होती. जी ती समजत होती, ही दुसरीबरोबर आली असेल. पन्हं देता देता अण्णांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

"कुणाकडचीच नाही," ती ओशाळली. "मी नीलिमा. पुण्याची, हेब्बाळला राहते. घरची फार आठवण आली म्हणून ऑफिसात सर्चमध्ये आंबेडाळ टाइप केलं, तर तुमचं पान निघालं. सर्वांनी यावं असं लिहिलं होतं."

अहल्याने हातातली करंडी कुणाच्या तरी मांडीवर ठेवली आणि नीलिमाचे दोन्ही हात धरून भर हॉलमध्ये फुगडी घातली. ही परकी आहे, ही परकी आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली, आणि बायका कशाचा आनंद ते न कळताच टाळ्या पिटू लागल्या. नीलिमालाही हसू फुटलं. अनुसूयाबाईंनी कशीबशी दोघींना थांबवून तिला कुंकू लावलं.

अण्णा नीलिमाची रिकामी बशी भरून घेऊन आले.

"परकी कसली? दुसऱ्यांदा वाढून घेतेय. ही आपलीच झाली."

अहल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तू दुसरा कुणी परका शोध," अण्णा बशी नीलिमाच्या हातात देत म्हणाले. "सापडेपर्यंत लाइन असू दे. वादिराज पत्र लिहील."