बेटावर घेतलेलं नाव

आगबोटीचं काय विचारतेस, देवकी? नागपूरहून मुंबईपर्यंत रेल्वेत बसून बसून कंबर गेली होती. बोटीवर पाय टाकला तसे आमचे बाबाराव भावजी आडवे झाले. सोबतीले आणलेल्या दिराले मीच निंबू चाटवून राहिली होती.

यात्रेची हौस कोणाले होती वं? यजमान घर सोडून गेले त्याले बारा वर्षं होत आली होती. तेवढी वर्षं माणसाचा पत्ता नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याले अग्नी देतात अन् बायकोचं कुंकू पुसतात. सासूबाईंनी भटजीले सांगूनही ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या महाल पेठेतलं कोणी द्वारकेहून आलं. म्हणे, तिथल्या बेटावरच्या धर्मशाळेत तुमचे यजमान दिसल्यासारखे वाटले. त्या 'वाटले'वर मी निघाली.

आगबोट लांबच उभी राहिली. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच जा. मले इथंच मरू द्या." मग मी एकटीच मचव्यात बसली. जुनं बंदर, मोठं पुण्याईचं म्हणतात. मले दिसला तो घसरडा धक्का, मासळीचा वास अन् डोळ्यांत जाणारी वाळू. बाकीचे लोक हात जोडून राहिले होते, मले नुसतं कुठंतरी टेकावंसं वाटत होतं.

धर्मशाळेचा रखवालदार म्हणाला, "किसको ढूँढती हो? नाम बोलो."

आता आली का पंचाईत. आमचे हे, म्हटलं. वच्छलेचे बाबा, म्हटलं. शेवटी लग्नातला उखाणा घेतला, तर त्याले त्यातलं नाव कोणतं अन् संत्रं कोणतं तेच उमजेना. उघडं नाव घ्यावं, तर नवऱ्याचं आयुष्य घटते. ज्याचं आयुष्य शोधायले आली, तेच कमी करू?

तेवढ्यात अंगणात समया घासत बसलेला एक म्हातारा दिसला, पाठमोरा. डावा खांदा उतरलेला, यांचा होता तसाच. मी "अहो" म्हटलं, तर चार परके बाप्ये वळले. तो नाही वळला. तिकडं बोटीचा भोंगा झाला.

मी म्हटलं, "दत्तोपंत."

ते वळले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"नागपूरचं कोण आहे?"

"मी. वच्छलेची आई."

ते हसले. "नाही, बाई. ती मेली तरी माझं नाव घ्यायची नाही. तिनं पाठवलं असंल, तर तिले सांगा, तो गेला म्हणून."

ओळख पटवायले घरच्या पन्नास गोष्टी होत्या. पण मी फार थकली होती, देवकी. "सांगते," म्हटलं, पदरातली संत्री त्यांच्याजवळ ठेवली अन् मचव्यात येऊन बसली.

भटजीले परत पाठवलं. रोज कुंकू लावते. हळदीकुंकवाले बायका नाव घ्या म्हणतात, तर उखाणा आठवत नाही. सरळ दत्तोपंत म्हणते.