लालबाग रिकामं झालं तेव्हा

गिरण्यांच्या संपाचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा आमच्या चाळीतल्या मुलांना मी फुटबॉलचा एक खेळ करून दिला होता. डिलाईल रोडवर मैदान कुठलं? चेंडू काढला की कुणाची तरी काच जायची. पण त्या जुलैत सेक्रेटरींच्या खोलीतल्या टीव्हीवर विश्वचषकाचा अंतिम सामना अख्ख्या चाळीने दाटीवाटीने पाहिला होता. कॉर्नर काय, पेनल्टी काय, पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी महापालिकेच्या शाळेतला शिक्षक. मला त्यांना सरासरी शिकवायची होती.

खेळ साधा होता. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, नायगाव आणि शीव असे सहा क्लब. जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक क्लबची पंधरा कार्डं केलेली. कार्डावर खेळाडूचं नाव आणि दहापैकी त्याची ताकद. ज्याच्याकडे क्लब तो मॅनेजर. मॅनेजरने चेंडूला पाय लावायचा नाही. कोण खेळणार, कोण विसावा घेणार, कुणाला सराव द्यायचा, एवढं ठरवायचं. दमलेल्याची ताकद उतरे, सराव दिलेल्याची चढे. अकरा जणांची सरासरी काढायची, तिच्या हिशोबाने कवड्या टाकायला मिळायच्या, आणि उताण्या पडतील तेवढे गोल. दर रविवारी दुपारी माझ्या खोलीत एक फेरी.

खेळाडूंची नावं मुलांनीच ठेवली. परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून चाळीतलीच माणसं मैदानात उतरली. प्रत्येकाने आपला बाप आधी घेतला. गिरण्या बंद, बाप घरीच. तेही हळूच येऊन आपलं कार्ड बघून जात.

"मी पाचच?" एकदा बुधाजी रागावले. "अरे, मी तालमीत जायचो!"

"काका, तुम्ही दोन मॅच लागोपाठ खेळलात," हरेश्वर म्हणाला. तो चौदा वर्षांचा, परळचा मॅनेजर. "विसावा घ्या, मग बघू."

कमलच्या वाट्याला चिठ्ठीत नायगाव आलं होतं, सगळ्यांत कमजोर क्लब. ती तेव्हा तेरा वर्षांची. तिचे बाबा गुणाजी साचेवाले, म्हणजे विणकर. त्यांचं कार्ड चारवर सुरू झालं आणि तिने सराव देऊन देऊन ते आठवर नेलं. नायगाव सहाव्यावरून तिसऱ्या नंबरला आलं. सरासरी तिला आता कागदाशिवाय काढता येई.

पहिल्या नंबरला लालबाग होतं. त्याचा मॅनेजर लहू, कमलच्याच वर्गातला. दोघं शाळेत जाता-येता कार्डांवरच बोलत. लहूचे वडील दौलत लालबागचे कप्तान, ताकद नऊ.

जानेवारीत दौलत संप मोडून कामावर गेला. चोरून गेला नाही. गॅलरीत उभं राहून म्हणाला, "माझ्याच्यानं आता होत नाही. उद्यापासून जातो. ज्याला जे बोलायचं ते बोला." लोक बोलले. सर्वांत जास्त गुणाजी बोलला.

"कुणाच्या साच्यावर उभा राहणार तू? तुझ्या की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहील त्याच्या हातचं पाणी पिणार नाही मी!"

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. साचा म्हणजे माग. माणूस गावी गेला की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. पण तो आपला सदरा त्या माणसाच्या खुंटीला अडकवत नसे. खाली घडी करून ठेवायचा. मूळ माणूस परत आला की साचा त्याचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी गिरणगावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. आता गिरणीत ज्याला जो साचा मिळेल त्यावर उभं करत होते.

नळावर दौलतच्या बायकोशी बायका बोलेनाशा झाल्या. पंधरा दिवसांत ते बिऱ्हाड शीवला लहूच्या मामाकडे गेलं. लहूची पंधरा कार्डं माझ्या कपाटातच राहिली.

क्लब रिकामा झाला तर काय, याचा नियम मी आधीच करून ठेवला होता. ज्याचा क्लब सर्वांत जास्त वर चढला, त्याला पहिली संधी. विचाराला एक आठवडा. आणि एकदा आपला क्लब सोडला की परत तो मिळायचा नाही.

"म्हणजे कमल," मृणालिनी म्हणाली. ती धाकटी, दहाची, गिरगाव चालवायची. "कमलताई, घे ना! पाच फेऱ्या राहिल्यात. नुसती बसून राहिलीस तरी पहिली येशील."

"दौलतचं कार्ड तेवढं फाडून टाक," हरेश्वर म्हणाला. "फितुराला कप्तान नाही ठेवायचं."

"आणि माझे बाबा?" कमलने विचारलं.

"ते नायगावातच राहणार. कार्डं क्लबची असतात, मॅनेजरची नाहीत," हरेश्वर म्हणाला.

कमलने आपली कार्डं गोळा केली. "रविवारी सांगते, गुरुजी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माझी सकाळची शाळा परळला. साडेसहाला मी एका गिरणीच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. ताडपत्री बांधलेला एक टेम्पो मागच्या दाराशी येऊन थांबला. आतून माणसं उतरू लागली, तोंडाला मफलर गुंडाळलेली. तिसरा माणूस उतरला आणि डावा पाय किंचित ओढत दाराकडे गेला. ती चाल मी पंधरा वर्षं जिन्यावर ऐकत होतो. गुणाजी.

त्याने घरी सांगितलं होतं की शीवला बर्फाच्या कारखान्यात काम लागलंय. चाळीने त्याचं कौतुकही केलं होतं: बघा, संप न मोडता पोट भरतोय. आत शिरताना त्याने मान वळवली आणि आमची नजरानजर झाली.

संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. आंघोळ करून आला होता, तरी भुवईत कापसाचा एक तंतू राहिला होता.

"गुरुजी..."

"बोल, गुणाजी."

तो चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "काय नाय," आणि गेला.

मी कुणाला सांगितलं नाही. नवराबायको नि दोन पोरं, वर्षभर पगार नाही. त्याला नावं ठेवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. माझा पगार दर महिन्याला होत होता. चाळीला न सांगणं मला तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं.

बुधवारी मी गॅलरीत पेपर तपासत बसलो होतो. गुणाजी नुकताच आला होता. त्याची बायको रखमा आत भाकऱ्या थापत होती. कमल बापाच्या समोर येऊन बसली.

"बाबा, लालबाग घेऊ का?"

"कसलं लालबाग?"

तिने सगळं समजावून सांगितलं. आठवडा, पाच फेऱ्या, परत न मिळणारं नायगाव. गुणाजी ऐकत होता, पण बघत माझ्याकडे होता.

"घे गो बाय," तो म्हणाला. "खेळच मां तो."

कमल गोंधळली. "पण लहूने कुठे सोडलाय क्लब? त्याला न्यावं लागलं म्हणून गेला. तुम्हीच म्हणता ना, दुसऱ्याच्या साच्यावर..."

"ता वेगळा!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खेळात नि साच्यात फरक असतो, पोरी. मिळतंय तर घे. माणसाने किती दिवस तिसऱ्या नंबरावर बसायचं?"

आतून रखमा म्हणाली, "तिला काय सांगताय? तिच्या मनाने करू दे." भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तिला ठाऊक होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

शुक्रवारी कमल माझ्याकडे आली.

"गुरुजी, बाबा असं का म्हणाले?"

"तुला काय वाटतं?"

ही माझी जुनी रीत. मुलाला उत्तर द्यायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं, वेळ लागला तर लागू द्यायचा. गणितात ही रीत फसत नाही. त्या दिवशी मी तिच्या आड लपलो.

ती बराच वेळ खिडकीच्या गजाशी चाळा करत होती. मग तिचा चेहरा उजळला. "ते माझी परीक्षा बघत होते! मी घेते का बघायला. हो ना?"

मी पेपर तपासत राहिलो.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "लालबागच्या मॅचला कवड्या तुम्ही टाका, लहूच्या नावाने. तो आला की त्याचं त्याला. गुरुजी, मला शीवला नेता? त्याला सांगून येते. नाहीतर त्याला वाटेल मी घेतलं."

शनिवारी दुपारी आम्ही बसने निघालो. तिने नायगावचं नवं कोष्टक वहीत काढून आणलं होतं, लहूला दाखवायला. दादर येईपर्यंत ती बोलतच होती. तिला सांगायला चांगला पाऊण तास मला मिळाला होता. दादर गेलं, किंग्ज सर्कल गेलं. मी हातातली तिकिटं पुन्हा पुन्हा बघत राहिलो.

लहूच्या मामाची खोली शीवच्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला होती. लहू पायरीवर बसून धाकट्या बहिणीला पाढे म्हणायला लावत होता. आम्हाला बघून उठला, पण पुढे आला नाही.

"कोण ओरडणार नाही ना तुला?" त्याने कमलला विचारलं. "इथे आलीस म्हणून?"

"कोण ओरडतंय! ऐक. लालबाग मला देत होते. मी नाही म्हटलं. तुझंच आहे ते."

लहूचा चेहरा आधी हसला, मग बावरला. "राहू दे गं. मी आता कुठला येतो! तू घे. बाबांना तेवढं बाहेर बसवू नकोस, नऊ आहेत त्यांना."

"हरेश्वर म्हणतो, कार्ड फाडा. पण मी नाही फाडू देणार. लपवून काय नाही केलं त्यांनी."

"हो. घरीपण सांगितलं आधी. आई रडली. मी दोन दिवस बोललो नाही. पण सांगितलं." तो थांबला. "गुणाजीकाका कसे आहेत? मला वाटलं, तुम्हीपण इकडेच राहायला येणार."

"आम्ही कशाला?"

"रोज एवढ्या पहाटे डिलाईल रोडवरून इथे यायचं, मग टेम्पो..." तो बोलता बोलता माझ्याकडे बघू लागला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण वाक्य तुटलं.

"कसला टेम्पो?" कमल म्हणाली.

लहू बहिणीकडे वळला.

"लहू, कसला टेम्पो?"

"गिरणीचा. माझे बाबा नि तुझे बाबा एकाच टेम्पोत असतात. मला वाटलं तुला माहीत आहे गं. आईशप्पथ."

कमल हसली. "बाबा बर्फाच्या कारखान्यात आहेत." मग तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात मुलं फळ्यावरचं उत्तर चुकलं की बघतात तशी, मी आता दुरुस्त करीन म्हणून.

"गुरुजी?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"म्हणजे मी शुक्रवारी आले तेव्हा..."

"हो."

तिने वही मिटली. लहूच्या बहिणीचा सातचा पाढा मागे चालूच होता. कमलने लहूला "येते" म्हटलं आणि रस्त्याकडे निघाली. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे बायकांच्या बाकावर जाऊन बसली.

त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला नाही. रविवारी सकाळी गुणाजी माझ्याकडे आला, डोळे तांबडे.

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही. लहूने सांगितलं, त्याच्याकडून निघून गेलं."

"सांगायचं होतं हो!" तो एकदम म्हणाला. "माझ्या तोंडातून निघेना. तुमच्याकडे आलो होतो ना मी? पोरगी तुमचं ऐकते. मला वाटलं, गुरुजी बघतील काहीतरी." आणि मग हळू म्हणाला, "जेवण वाढते. काय विचारलं तर उत्तर देते. हाक मात्र मारत नाही."

दुपारी मुलं जमली. कमल येईल असं मला वाटलं नव्हतं. ती वेळेवर आली, नायगावची कार्डं रबरात बांधून.

"ठरलं, कमलताई?" मृणालिनीने विचारलं.

"ठरलं. मी लालबाग घेते."

"तरी मी म्हटलं होतं!" हरेश्वर म्हणाला. "आण ते दौलतचं कार्ड, फाडू."

"हात लावायचा नाही. दौलतकाका कप्तान राहतील."

"फितूर?"

"ते सांगून गेले," कमल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हरेश्वर मागे सरकला. कुणाला काही कळलं नाही. ती घरातलं घरात ठेवत होती. बापाचं नाव तिने त्या खोलीत घेतलं नाही.

मी कपाटातून लालबागची कार्डं काढून तिच्यापुढे ठेवली. माझा हात तिथेच राहिला. "कमल, आठवडा वाढवून देतो. नायगाव परत मिळणार नाही."

"नियम तुम्हीच केलाय, गुरुजी."

"मग नायगाव कुणाला द्यायचं?" मृणालिनी म्हणाली. "कोणी उरलंच नाही."

कमलने रबरात बांधलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सगळ्यांत वर गुणाजीचं कार्ड होतं, ताकद आठ, तिच्या गोल अक्षरात.

"गुरुजी चालवतील," ती म्हणाली. "त्यांचं नि नायगावचं जमेल."

मुलं हसली. गुरुजी मॅनेजर होणार याची त्यांना गंमत वाटली. कमल तोवर लालबागची सरासरी काढायला बसली होती, कागदावर, एक एक आकडा मांडून, मला काही विचारायची वेळ येऊ नये म्हणून.