दोन पट्ट्यांचं एक पोर्ट

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एम.ई. करताना मयूरी आणि राजेश्वरीने मिळून कपलर नावाच्या सर्किटची पाटी करायला घेतली होती. तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या अगदी खेटून शेजारी शेजारी जायच्या, आणि एकीतल्या रेडिओलहरींचा थोडा हिस्सा न शिवताच दुसरीत उतरायचा. तो किती उतरेल हे मयूरी संगणकावर काढायची. ती वाईची, शांत, तोलून नेमकं बोलणारी. राजेश्वरी वडूजची, सुभेदाराची लेक. पाटी घडवायचं काम तिचं. नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये पाट्या हलवून तिची बोटं कायम पिवळी असायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पाटी पुण्याला मोजून आणली, तर आलेख जुळेना. संगणकाची रेघ एकीकडे, पाटीची भलतीकडेच.

"पट्ट्यांमधली फट नीट आली नसणार," त्यांचे मार्गदर्शक आगाशे सर म्हणाले.

राजेश्वरीने दुसरी पाटी केली, मग तिसरी. तिन्हींच्या रेघा एकमेकींवर हुबेहूब बसत होत्या. संगणकाच्या रेघेवर मात्र एकही बसत नव्हती.

"मयूरी, तिन्ही पाट्या एकसारख्याच कशा गं चुकतील?" ती म्हणाली. "तुझ्या बाजूचं एकदा बघ की."

"माझ्या बाजूला हात थोडाच लागतो? सगळं प्रोग्रॅमच करतो," मयूरीने उत्तर दिलं. तिने संगणकातल्या मॉडेलची फाईल उघडलीसुद्धा नाही.

"मग माझा हातच चांगला न्हाई म्हणायचा," राजेश्वरी हसत म्हणाली. पण त्यानंतर ती लॅबमध्ये कमी कमी येत गेली, आणि दिवाळीच्या सुट्टीला गेली ती परतलीच नाही. साताऱ्यात कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासात शिकवते, असं कळलं. मयूरीने प्रबंध एकटीनेच पुरा केला. तफावत पाटी बनवण्यातल्या दोषामुळे आली, असं त्यात लिहिलं, आणि त्याच कॉलेजात ती लेक्चरर झाली.

पुढे एकदा वर्गाला दाखवण्यासाठी तिने तेच मॉडेल पुन्हा उघडलं. पट्ट्या दूर नेल्या की उत्तर बरोबर यायचं, जवळ आणल्या की बिघडायचं. तेव्हा तिने पहिल्यांदाच त्यातली पोर्टं नीट पाहिली. पोर्ट म्हणजे जिथून लहर आत सोडायची आणि बाहेर मोजायची ते टोक. तिने प्रत्येक पट्टीला वेगळं पोर्ट दिलं होतं. त्यामुळे टोकाशी प्रोग्रॅम एकेक पट्टी एकटीच आहे असं धरत होता, शेजारची जणू नव्हतीच. मयूरीने दोन्ही पट्ट्यांना कवेत घेणारं एकच पोर्ट काढलं. त्यात दोन्हींत लहर सारखी असतानाची आणि एकमेकींच्या उलट असतानाची, अशा दोन्ही तऱ्हा मागितल्या. नवी रेघ उमटली, ती राजेश्वरीच्या तिन्ही पाट्यांच्या रेघांवरून गेली.

फाईल उघडायला तेव्हा किती वेळ लागला असता?

रविवारी तिने साताऱ्याची एसटी धरली. क्लास सुटल्यावर राजेश्वरी बाहेर आली, तिला पाहून थबकली, मग हात धरून शेजारच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेली. मयूरीने आलेख पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

राजेश्वरीने आलेखातल्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे फट बरोबरच होती."

"पहिल्या पाटीपासून."

"मी तवा घरी आईला सांगितलं, मला जमत न्हाई म्हणून. सोल्डरिंग गनसुद्धा देऊन टाकली गं." "तू एकदा बघायला पायजे होतंस."

"हो," मयूरी म्हणाली. लगेच पुढे म्हणाली, "पेपर लिहूया, तुझं नाव आधी. प्रबंधातलं ते वाक्य चुकीचं होतं, हे मी सरांना सांगितलंय. तू परत ये, सर घेतील."

"नाव घाल. हक्काचं हाय ते." राजेश्वरीने आलेखाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "पण परत यायला मन धजत न्हाई. हातावरचा भरवसाच गेलाय माझा, खरंच."

चहा निवून गेला होता. राजेश्वरीची पुढची बॅच होती, ती उठली. जाताना मयूरीच्या खांद्यावर हात ठेवला तिने, पण पुन्हा ये असं काही म्हणाली नाही.