आत्मा आधी का बोलत नाही?

थिन आजीच्या अंगणात सकाळपासून मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. फाटकाबाहेर दुचाक्यांची रांग, आत प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर माणसं, मांडीवर पपनसं आणि उकडलेल्या कोंबड्यांची तबकं. धूप इतका की अर्धे लोक खोकत होते आणि अर्धे रडत होते, आणि कोण धुरानं रडतंय नि कोण दुःखानं, ते कळायला मार्ग नव्हता.

मधोमध चटईवर थिन आजी बसली होती. डोक्यावरून लाल रेशमी ओढणी, गालात विडा. नाव आणि मृत्यूची तिथी, एवढंच सांगायचं. मग ती मेलेल्या माणसाला अंगात आणायची.

"दोन्ही जगांमधला पडदा पातळ झालाय रे लेकरांनो!" ती ओढणीआडून गर्जली. "हाका मारा! धाकट्यांनी आधी बोलायचं, नात्यानं हाक मारून! मेला म्हणून काय माणसाला मान नको?"

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. व्हिएतनामात जिवंत माणसाशीसुद्धा असंच बोलतात. जेवायला बसतानाही धाकटा आधी म्हणतो, आजोबा, जेवा, काकू, जेवा. न बोलता घास घेतला तर घरभर बोंब.

"बाबा! मी आलेय हो, तुमची थोरली!" न्हुंगनं हंबरडा फोडला, आणि ओढणीआडून घोगरा आवाज आला, "थोरली... माझी थोरली आली गं!"

अख्खं अंगण हेलावलं. न्हुंगच्या शेजारी बसलेली तिची धाकटी बहीण दिएप मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होती. दिएप गावच्या शाळेत भाषा शिकवायची. वडील तिचेही होते, आणि तिलाही त्यांची आठवण यायची. पण ओढणीआडच्या वडिलांनी शेवटी जे सांगितलं, ते तिला मुळीच पटलं नाही. न्हुंगच्या गळ्यात गाठ होती. येत्या सोमवारी हनोईच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. आणि वडील म्हणाले होते, सुरी लावू देऊ नकोस, धुपाची राख पाण्यातून घे.

"झालं तर मग," न्हुंगनं घरी आल्या आल्या जाहीर केलं. "सोमवारचं रद्द."

"अगं ताई, डॉक्टर म्हणाले ना, आत्ता काढली तर बरी होशील. उशीर केलास तर पसरेल ती!"

"डॉक्टर परका. हे बाबा होते. पाय दुखतो म्हणाले, होडीचं म्हणाले. थिन आजीला हे कुणी सांगितलं? मी?" न्हुंगनं फोन नाचवला. तिनं सगळं त्यात भरून घेतलं होतं, आणि आपल्या फोच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते ऐकवत होती. सूप निवून जायचं, पण ऐकल्याशिवाय सुटका नाही.

दिएपच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. "माझ्या वर्गाला ऐकवशील?"

"ऐकवीन की! कळू दे पोरांना, पुस्तकाबाहेरही काही असतं ते."

दिएपचा वर्ग म्हणजे शाळेत चेष्टेचा विषय होता. बाकीचे शिक्षक कथेचं तात्पर्य लिहून देत. ही बाई कथेतला संवाद फळ्यावर उतरवायची, बोलणाऱ्यांची नावं झाकायची आणि पोरांना विचारायची: इथं विचारतंय कोण? सांगतंय कोण? गप्प राहून कोण काय मिळवतंय? आणि नवी गोष्ट आधी कुणाच्या तोंडून निघाली? ती ओळ लाल खडूनं अधोरेखित करायची. "कथा शिकवता की पंचनामा करता?" मुख्याध्यापक म्हणायचे. पण पोरं खूश होती. कथेतल्या सासूनं न भांडता सुनेला कसं गप्प केलं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

न्हुंग मागच्या बाकावर ऐटीत बसली. क्वेन नावाच्या चुणचुणीत मुलीनं फोन ऐकत संवाद फळ्यावर उतरवला. नावांच्या जागी फक्त 'अ' आणि 'ब'.

"वाचा आता," दिएप म्हणाली. "क्वेन, तू 'अ'."

'ब' व्हायला एक वात्रट पोरगा टुणकन उठला आणि डोक्यावर रुमाल घेऊन कण्हायला लागला.

"पाय दुखतो का हो अजून?" क्वेननं वाचलं.

"पाय... फार ठणकतो गं पाय!"

"होडीवरून पडलात तेव्हापासूनच ना?"

"ती होडी! त्या होडीनंच घात केला!"

वर्गात खसखस पिकली. दिएपनं लाल खडू पुढे केला. क्वेन अधोरेखित करत गेली. पाय 'अ'नं आणला. होडी 'अ'नं आणली. थोरली हा शब्दही 'अ'चाच. फळ्याची एक बाजू लालेलाल झाली, दुसरीकडे लाल खडूचा डागही नाही.

"बाई," क्वेन म्हणाली, "हा 'ब' काहीच सांगत नाही हो! जे ऐकतो तेच उसासा टाकून परत करतो. आणि 'अ'नं नात्यानं हाक मारेपर्यंत नुसता कण्हतोय. बाई आहे की बुवा, हेसुद्धा ठरवलेलं नाही त्यानं!"

"शेवट वाचा," दिएप हळूच म्हणाली.

"डॉक्टर कापायचं म्हणतात. मला फार भीती वाटते हो! त्यापेक्षा धुपाची राख घेऊ का?"

"भीती वाटते ना? मग सुरी लावू देऊ नकोस. राखच घे पाण्यातून."

या वेळी कुणी हसलं नाही. न्हुंग उठून फळ्याजवळ आली. 'अ'ची ती ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली.

"म्हणजे नको म्हणणारी मीच?" ती पुटपुटली. मग एकदम उसळली. "फळ्यावर काय, काहीही दिसतं! माझे बाबा होते ते!"

"मग खात्री करून घे ना ताई. आपल्या ह्वाला बोलाव."

न्हुंगचा चेहरा उतरला. ह्वा त्यांचा भाऊ. चार वर्षांचा होता, घरामागच्या तळ्यात बुडाला. ह्वा हे नाव बाईचं असतं, बाप्याचंही असतं, म्हाताऱ्याचंही असतं.

"बोलाव, पण आधी तू बोलू नकोस. अगदीच अडलं तर हाक मार मामा म्हणून," दिएप म्हणाली.

"मेलेल्याशी खोटं बोलू?"

"ह्वा असेल तर खुदकन हसेल आणि म्हणेल, ताई, अगं मी ह्वा! तो तुला ओळखणार नाही होय?"

"रविवारी जाऊ," न्हुंग पुटपुटली.

रविवारी पुन्हा तेच अंगण, तोच धूर. न्हुंगनं नाव सांगितलं, तिथी सांगितली. लाल ओढणी खाली आली, घुमणं सुरू झालं, कण्हणं सुरू झालं. न्हुंग गप्प. आत्मा आणखी कण्हला. न्हुंग गप्पच. मोठ्या माणसासमोर असं मुक्यानं बसायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"अगं बोल की बये!" आत्मा वैतागला. "लांबून आलोय मी!"

न्हुंगनं हात जोडले. "मामा... मी भाची."

"भाची!" ओढणीआडून म्हाताऱ्याचा खोकला उसळला. "किती वाळलीस गं! माझे गुडघे गेले बघ. तिकडे थंडी फार. कुणी माझ्या नावानं तंबाखूसुद्धा ठेवत नाही!"

न्हुंगनं अंगातला सगळा जोर एकवटून ओढणी ओढली. विड्यासकट थिन आजीचं तोंड उघडं पडलं.

"माझा ह्वा चार वर्षांचा होता!" न्हुंग किंचाळली. "चार वर्षांच्या पोराचे गुडघे गेले? तंबाखू मागतोय तो?"

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. थिन आजी मात्र मुरलेली. तिनं शांतपणे विडा या गालातून त्या गालात नेला. "दुसराच आत्मा मध्ये घुसला. गर्दीत होतं असं."

"असं का? मग बाबांच्या वेळी कोण घुसलं होतं?" न्हुंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ऑपरेशन करू नको, हे मला कुणी सांगितलं? सांग ना! कुणाच्या शब्दावर मरणार होते मी?"

थिन आजी आपली ओढणी शोधायला लागली. मागून एक म्हातारी बिचकत म्हणाली, "पण आमच्या यांना माझं नाव माहीत होतं..."

दिएप तिच्याजवळ जाऊन बसली. "काकू, ते नाव तिथं आधी कुणी उच्चारलं, आठवा बरं. तुम्ही, की त्यांनी?"

म्हातारी विचारात पडली. तिच्या शेजारची बाईही विचारात पडली. मग एकमेकींना विचारणं सुरू झालं, आणि अंगणभर कुजबुज पसरत गेली. "मीच सांगितलं की गं!" एकीनं कपाळावर हात मारला.

"आपल्या माणसांची आठवण काढा," दिएप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "धूप लावा, जेवणाचं पान ठेवा, रडा. त्यात काही वाईट नाही. मीसुद्धा लावते. पण कुणी त्यांच्या नावानं तुम्हाला काही करायला सांगितलं, तर एवढं बघा, की त्यातलं नवं काय आहे आणि ते आधी कुणी सांगितलं. आणि आजाराचं डॉक्टरलाच विचारा."

न्हुंग तोवर फाटकाशी पोचली होती. एका कानात बोट घालून ती फोनवर ओरडत होती.

"हॅलो, दवाखाना का? मी न्हुंग बोलतेय, गळ्याच्या गाठीची. उद्याचं रद्द करा म्हटलं होतं ना मी... हो हो, मीच म्हटलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. भ्याले होते हो. अजूनही भ्यालेच आहे. पण येतेय मी."