रफूवाल्या ताईंची खिडकी

"पत्रा आणलास तू," ताई म्हणाली. "मी काच सांगितली होती."

धाकट्या भावाने पत्रा भिंतीला टेकवला आणि रिकाम्या चौकटीचं माप घ्यायला लागला. माप त्याला पाठ होतं. ही खिडकी त्यानेच बसवलेली. गल्लीतल्या बहुतेक काचा त्याच्या हातच्या, म्हणून सगळे त्याला मोजपट्टी म्हणायचे आणि तोही हे नाव मानाने मिरवायचा. आज मात्र माप हे निमित्त होतं. त्याला ताईकडे बघायचं नव्हतं.

महिन्यापूर्वी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीत बॉम्ब फुटला. काही माणसं जागच्या जागी गेली. ताई नेहमीसारखी खिडकीत बसून कुणाच्या तरी कोटाला रफू करत होती, तेव्हा खिडकीची अख्खी काच तिच्या अंगावर आली. उजवा डोळा गेला, कपाळापासून जबड्यापर्यंत टाके पडले. डॉक्टरांनी गालातून काढलेले तुकडे वाटीत ठेवले होते आणि ते त्याच्याच काचेचे होते. तेव्हापासून त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

आणि आता दोन दिवसांपूर्वी भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं सापडलं: दुकानं उघडाल तर पुन्हा येऊ. गल्लीने ते वाचलं आणि पत्रे ठोकून घेतले. औषधवाल्याने आपल्या पत्र्याला हात जाईल एवढं भोक पाडलं होतं. गिऱ्हाईक वाकून त्या भोकात आपलं दुखणं सांगायचं आणि सगळ्या गल्लीला ते ऐकू जायचं.

पत्र्याआड तू सुखरूप राहशील, असं भावाने ताईला समजावून पाहिलं. आत मोठा दिवा लावून देतो म्हणाला. दिव्याखाली धाग्याचा रंग फसतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि ताईने तेच त्याला ऐकवलं. दोन डोळे होते तेव्हाही दिवसाचा उजेड लागायचा, आता तर एकच आहे, म्हणाली. मग तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"खरं काय ते बोल."

तो चौकटीशीच बोलला. "माझ्या काचेनं तुझं हे झालं. आता तीच परत तुझ्या तोंडासमोर लावू?"

"काचेनं काही केलं नाही. ज्यांनी केलं, त्यांना मी अंधारात बसायला हवी आहे. मी नाही बसणार. तुला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलावते. तो काचेच्या कडेची लांबी-पुट्टी वाकडीतिकडी भरेल, आणि मग जाता-येता तुझाच जीव जळेल."

हे वर्मी लागलं. दुसऱ्याने भरलेली लांबी, तीही ताईच्या खिडकीत! तो काच कापायला गेला.

एवढी मोठी काच एकट्याला उचलत नाही. त्याच्या जोडीदाराने घरी लेकरं आहेत म्हणून यायला नकार दिला, आणि त्याला दोष द्यावा असं भावालाही वाटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडीवरून काच उतरवून तो उभा होता, तेवढ्यात ताई बाह्या सारून आली आणि तिने दुसरं टोक धरलं. दोघं चालू लागले. एका डोळ्याने तिला अंतराचा अंदाज येत नव्हता; ती प्रत्येक पाऊल चाचपत टाकत होती. त्या लिहिलेल्या भिंतीपाशी फरशी उखडली होती. तिथे ताईचा पाय घसरला आणि काच कलली.

औषधवाला धावत बाहेर आला आणि त्याने खालून हात दिला. पाठोपाठ चपलांच्या दुकानातले काका आले, लॉन्ड्रीवाली आली. ज्यांना हात लावायला जागा उरली नाही ते पुढे चालून "सांभाळून, सांभाळून" करू लागले. भिंतीवरची अक्षरं सगळ्यांना दिसत होती. पण कुणी काच सोडली नाही.

भावाने काच चौकटीत बसवली, अंगठ्याने लांबी दाबत कडा सरळ केल्या. मग नव्या काचेवर कुणी आपटू नये म्हणून रीतीप्रमाणे वर चुन्याची मोठी फुली मारली. ताई आत जाऊन आपल्या जुन्या जागी बसली होती.

"फुली पूस," ती आतून म्हणाली.

"अगं, एक दिवस तरी राहू दे. लोक धडकतील."

"मी बसलेली दिसल्यावर कोण धडकतंय? पूस. मी दिसले पाहिजे."

त्याने ओलं फडकं घेतलं. चुना निघत गेला तसा मागून तिचा चेहरा वर आला: आधी कपाळ, मग मिटलेली पापणी, मग गालावरून उतरणारे टाके. आता नजर वळवायला जागाच नव्हती. त्याने सगळं नीट पाहिलं. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. पाठीमागून औषधवाला हळूच म्हणाला, "मोजपट्टी, जाताना माझंही माप घेऊन जा."

ताईने तो अर्धवट राहिलेला कोट मांडीवर घेतला. सुईत दोरा घालू लागली. दोरा सुईच्या बाजूने निघून गेला. पुन्हा गेला. बाहेर अख्खी गल्ली बघत उभी होती आणि तिने पाठ फिरवली नाही. शेवटी दोरा सुईच्या नेढ्यात शिरला, तेव्हा तिने मान वर केली आणि काचेवर बोट टेकवलं.

"या कोपऱ्यात चुना राहिलाय बघ."

त्याने कोपरा पुसला.